इंग्रजी शिबिरात साठ पोरांना एकदम बोलतं करतील असे खेळ सुचवा

माणदेशी_मास्तर
नमस्कार मंडळी,
माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे. एप्रिलच्या शेवटी, परीक्षा उरकल्या की पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी चार दिवसांचं इंग्रजी शिबिर घ्यायचंय. साठेक मुलं होतील. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. आम्ही दोघं शिक्षक, शिवाय गावातली दोन कॉलेजची पोरं मदतीला यायला तयार आहेत. खाऊ आणि कागदपेनाचा खर्च ग्रामपंचायतीने उचललाय, तोही हात राखूनच.

अडचण अशी की आमची मुलं पुस्तकातला उतारा वाचून दाखवतात, अर्थ सांगतात, स्पेलिंगं तर धडाधड, पण 'व्हॉट डिड यू ईट टुडे' विचारलं की दातखीळ बसते. एरवी हीच पोरं शिंगणापूरच्या यात्रेत पाळणेवाल्याशी हुज्जत घालून दोन फेऱ्या जास्तीच्या मारून येतात. तर शिबिरात शिकवणं अजिबात नको, गटात खेळायचे खेळ हवेत. आणि असे की एक हुशार पोरगं बोलतंय आणि बाकीचे टाळ्या वाजवतायत असं व्हायला नको.

माझा कच्चा आराखडा: पहिल्या दिवशी ओळख नि गाणी, दुसऱ्या दिवशी खजिना शोध, तिसऱ्या दिवशी बाजार, चौथ्या दिवशी नाटुकली आणि समारोप. समारोपाला सरपंचताईंना मुलांची इंग्रजी भाषणं हवीयत, ते कसं टाळायचं तेही सुचवा.

चहाटळ
टिपी टिपी टिप टॉप, व्हॉट कलर डू यू वॉन्ट? झालं शिबिर. मानधन पाठवून द्या.

पिंपळपान
चहाटळ, तुम्ही गंमतीत म्हणालात पण मला तर हीच सुरुवात योग्य वाटते. गल्लीबोळातली शेंबडी पोरं रोज संध्याकाळी एक अख्खं इंग्रजी प्रश्नार्थक वाक्य न अडखळता म्हणतात आणि त्यांना ते कुठल्या बाईंनी शिकवलेलं नसतं. मास्तर, चाल तीच ठेवा नि प्रश्न तेवढा बदला. रंगाच्या जागी 'आय वॉन्ट समथिंग राउंड', 'समथिंग मेड ऑफ वुड', 'समथिंग ओल्डर दॅन यू'. शेवटच्याला सगळी पोरं तुम्हालाच येऊन चिकटतील. राज्य कोणावर येईल त्याने वस्तू सांगायची, त्यामुळे बोलायची पाळी फिरत राहते.

रानजाई
आमच्या शाळेत 'शिवाजी म्हणतो' इंग्रजीतून घेतो. 'शिवाजी सेज टच युअर नोज', 'शिवाजी सेज जम्प लाइक अ फ्रॉग'. जेम्स आशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात हीच पद्धत मांडली होती, आधी नुसतं ऐकून अंगाने कृती करायची, बोलणं मागाहून आपोआप येतं. लहान बाळ नाही का 'टाटा कर' म्हटलं की आधी हात हलवतं.

फक्त एक बदल कराच. या खेळात जो चुकतो तो बाद होतो, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच पहिल्या मिनिटाला झाडाखाली जाऊन बसतो आणि ज्याला आधीच येतंय तो शेवटपर्यंत खेळतो. आम्ही बाद करणं बंद केलं. चुकला की पुढची आज्ञा त्याने द्यायची. मग काय, काही जण मुद्दाम चुकायला लागले, हाहाहा. पण आज्ञा द्यायला तोंड उघडावं लागतंच की.

वाचाळवीर
रानजाई, खेळ भारी आहे पण मास्तरांचा प्रश्न बोलतं करण्याचा आहे. इथे एक बोलणार आणि एकोणसाठ बेडूकउड्या मारणार. पहिली वीस मिनिटं अंग मोकळं व्हायला ठीक, त्यापुढे नको.

माझ्या मते खेळ निवडायची कसोटी एकच ठेवा: दोन पोरं समोरासमोर असली तर एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसलं पाहिजे. नसलं की विचारावंच लागतं. आपण वर्गात काय करतो, हातात पेन धरून विचारतो 'व्हॉट इज धिस'. पोराला दिसतंय पेन आहे, मास्तरांना दिसतंय पेन आहे, मग सांगायचं कोणाला आणि कशाला? पोरगं मनात म्हणतं सर आज बरे आहेत ना.

पाठीला पाठ लावून चित्र काढायचा खेळ घ्या. तीस जोड्या बसवा. एकाच्या हातात साधं चित्र, म्हणजे घर, घरामागे डोंगर, दारात कुत्रं, झाडाला तीन आंबे. दुसऱ्याकडे कोरा कागद नि पेन्सिल. पहिला सांगणार 'ड्रॉ अ हाउस. ड्रॉ अ डॉग निअर द डोअर', दुसऱ्याला वळून बघायला बंदी, पण प्रश्न कितीही विचारू दे, 'बिग ऑर स्मॉल', 'लेफ्ट ऑर राइट'. पाच मिनिटांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. मग अदलाबदल. एका वेळी तीस तोंडं चालू असतात, गोंगाट होणारच, होऊ दे.

कोकणी_फणस
आमच्यात या खेळात एकाने कुत्रं घराच्या कौलावर बसवलं होतं कारण सांगणाऱ्याने 'डॉग ऑन हाउस' सांगितलं. दोघं इतके भांडले, मालवणीतून. पण त्यानंतर 'इन फ्रंट ऑफ' त्या दोघांच्या जन्मात विसरायचं नाही.

निवृत्त_बाई
तुमचं सगळं वाचून कौतुक वाटलं, पण एक विचारते. साठ मुलं एकदम बोलणार, आणि 'ही गो', 'आय is कमिंग' अशी चुकीची वाक्यं एकमेकांची ऐकणार. ती डोक्यात घट्ट बसली की नंतर काढता काढता नाकी नऊ येतात, मी आयुष्यभर तेच केलंय. आमच्या वेळी आधी वाक्यरचना पक्की करून घेत असू, मग बोलणं.

वाचाळवीर
बाई, आदराने असहमत. वाक्यरचना पक्की झालेलीच मुलं मास्तरांकडे गप्प बसलीयत ना. स्पेलिंगं धडाधड म्हणतायत ते.

निवृत्त_बाई
गप्प बसण्याचं कारण व्याकरण नसून हसतील ही भीती आहे. ती भीती घालवा. चुकीचं बोलू द्या हा त्यावरचा उपाय नाही.

शिक्षिका_मराठवाडा
दोघांचंही जमेल असं करता येतं. खेळ चालू असताना मी कोणालाच टोकत नाही. वही घेऊन फिरते आणि कानावर पडलेल्या चुकांपैकी जी बऱ्याच जणांची होतेय ती टिपते. खेळ संपला की त्यातली दोन-तीन वाक्यं फळ्यावर, नाव कोणाचंच नाही, आणि गटांनी मिळून ती दुरुस्त करायची. पोरांना दुसऱ्याची चूक काढायला काय उत्साह असतो ते सांगायला नको.

आमच्याकडे ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टबरोबरचा 'तेजस' प्रकल्प आला तेव्हा आम्हा शिक्षकांचे गट असायचे, टॅग म्हणायचे त्याला, महिन्यातून भेटून एकमेकांना खेळ करून दाखवायचो. खरं सांगते, आधी आम्हा शिक्षकांनाच एकमेकांसमोर इंग्रजी बोलायची लाज वाटायची. एकदा स्वतः पाठीला पाठ लावून चित्र काढलं की मग मुलांचं काय होतं ते कळतं. मास्तर, तुमच्या त्या दोन कॉलेजच्या पोरांना आदल्या दिवशी बोलावून सगळे खेळ त्यांच्याबरोबर खेळून बघा, सूचना इंग्रजीत देऊन. जिथे त्यांना कळणार नाही तिथे साठ जणांचा गोंधळ ठरलेला.

चहाटळ
वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. (मला मुलं नाहीत, शाळा नाही, तरी वाखुसा.)

गुंड्याभाऊ_पुणे
मराठीत बोललं की एक रुपया दंड लावा, चार दिवसांत फाडफाड बोलतील. आमच्या शाळेत होता.

रानजाई
आणि तुम्ही फाडफाड बोलायला लागलात का रुपये वाचवायला मुके झालात?

गुंड्याभाऊ_पुणे
दुसरं. डबा खाताना सुद्धा खुणा करायचो.

पिंपळपान
माझ्या भाच्याच्या शाळेत तर मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात पाटी अडकवायचे. ताईने दोन वेळा जाऊन भांडण केलं तेव्हा ती पाटी गेली. पोराने घरी इंग्रजी पेपर बघणंसुद्धा सोडलं होतं. मास्तर, दंडबिंड अजिबात नको.

शिक्षिका_मराठवाडा
+१००. गटात ठरवाठरवी मराठीतच होणार, होऊ दे. 'तू दुकानदार हो, मी गिऱ्हाईक' हे इंग्रजीत म्हणायला लावलं तर खेळ सुरूच होणार नाही. पलीकडच्या गटाशी बोलताना मात्र इंग्रजी, एवढाच नियम. आणि खेळताना सतत लागणारी वाक्यं एका दोरीवर चिमट्यांनी लटकवून ठेवा: माय टर्न. युअर टर्न. वेट. से इट अगेन. आय डोन्ट नो. दॅट्स चीटिंग. शेवटचं सगळ्यात जास्त वापरलं जातं.

कोकणी_फणस
'से इट अगेन' कशाला, 'वन्स मोअर' ठेवा. संगीत नाटकापासून अख्खा महाराष्ट्र तेवढं इंग्रजी बोलतोच.

सोलकढी_सोलवाली
मी दक्षिण कोरियात राहते. इथे २००० नंतरच्या काळात 'इंग्लिश व्हिलेज' नावाचं मोठं फॅड आलं होतं. पाजू इथलं २००६ मध्ये उघडलं, चक्क खोटं गाव वसवलेलं, बँक, पोस्ट, दुकानं, रस्त्यांच्या पाट्या सगळं इंग्रजी. शिरतानाच विमानतळासारखा इमिग्रेशन काउंटर, तिथला माणूस विचारणार नाव काय, कशाला आलात, किती दिवस राहणार. मुलांनी उत्तर दिलं की शिक्का. पुढे खर्च झेपेना म्हणून अशी बरीच गावं बंद पडली नाहीतर त्यांचा वापर बदलला. पण ती इमिग्रेशनची कल्पना मला फार आवडली होती, तिला खर्च काहीच नाही. शाळेच्या फाटकाशी टेबल टाका, सातवीची दोन मुलं अधिकारी, रोज सकाळी प्रत्येकाने पासपोर्ट दाखवून आत यायचं. पासपोर्ट म्हणजे घडी घातलेला कागद, त्यावर मुलांनीच काढलेला स्वतःचा फोटो.

चहाटळ
'परपज ऑफ व्हिजिट?' 'पोहे.'

माणदेशी_मास्तर
सोलकढीताई, हे नक्की करणार. रोज अधिकारी बदलता येतील. आणि चहाटळ, पोहे नाहीयत, राजगिऱ्याचा लाडू आहे. बजेट सांगितलं ना.

वाचाळवीर
मास्तर, बाजारातली एक गोम आधीच सांगतो. आपल्याकडे बहुतेक शाळा आनंद बाजार भरवतात, पोरं भाजी नि भेळ विकतात, हिशोब शिकतात, छान असतं. तोच इंग्रजीत करायला गेलं की काय होतं, गिऱ्हाईक बोटाने वांगं दाखवतं, दुकानदार पाच बोटं दाखवतो, पैसे दिले, व्यवहार संपला, इंग्रजीचा एक शब्द खर्च झाला नाही. म्हणून दुकानापुढे जुन्या साडीचा पडदा लावा. माल पडद्याआड, दुकानदारही पडद्याआड. दिसत काहीच नाही, त्यामुळे 'डू यू हॅव टोमॅटोज? हाउ मच? टू मच!' सगळं तोंडानेच. खरी भाजी नको, वाया जाते, कार्डं करा. आणि प्रत्येक दुकानात सगळं ठेवू नका, एकाकडे कांदा आहे तर लसूण दुसऱ्याकडे, दरही वेगळे, म्हणजे चार दुकानं फिरावीच लागतील. प्रत्येक गटाला यादी वेगळी. अर्ध्या तासाने दुकानदार गिऱ्हाईक व्हायचे.

रानजाई
पडद्याची कल्पना जबरी आहे! दंडवत.

निवृत्त_बाई
पडदा मलाही पटला. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर लाजरी मुलं जास्त मोकळी बोलतील. माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर एक अक्षर बोलली नव्हती, जुन्या मोज्याची बाहुली हातात घातल्यावर ती बाहुली मात्र बोलायला लागली, आणि बाहुली फार आगाऊ होती.

डेक्कनचा_दगड
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिबिराची गरजच काय? आम्ही पाचवीत एबीसीडी शिकलो, काही अडलं नाही. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि धड ना मराठी धड ना इंग्रजी अशी गत झाली. पुढे तर पहिलीचं पुस्तकसुद्धा द्विभाषिक केलं.

कोकणी_फणस
तुमचं पाचवीतलं इंग्रजी ज्या मुलाखतीत अडलं नाही त्या मुलाखतीचं ठिकाण कळवा.

डेक्कनचा_दगड
वैयक्तिक होऊ नका. मातृभाषेत पाया पक्का तर कुठलीही भाषा येते एवढंच म्हणणं आहे.

पिंपळपान
ते म्हणणं चूक नाहीच, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना दगडभाऊ, तिथे दोनशे प्रतिसाद नक्की. इथे एक माणूस सुट्टीत पदरचा वेळ घालून पोरांना खेळवतोय त्याला खेळ सुचवू.

शिक्षिका_मराठवाडा
पुन्हा विषयावर. मास्तर, खजिना शोधाबद्दल सावध करते. त्यात गटातला सगळ्यात चपळ पोरगा चिठ्ठी वाचतो, धावत सुटतो आणि बाकीचे नुसते मागे पळतात. त्याऐवजी धावतं श्रुतलेखन घ्या. मैदानाच्या टोकाला भिंतीवर सात-आठ वाक्यांचा कागद चिकटवा. गटातल्या एकाने धावत जायचं, एक वाक्य वाचून डोक्यात ठेवायचं, परत येऊन लिहिणाऱ्याला सांगायचं. पुढच्या वाक्याला पुढचा धावपटू, लिहिणाराही बदलायचा. तिथूनच ओरडून सांगायला बंदी, हे आधी सांगा नाहीतर भिंतीपासूनच आरोळ्या सुरू होतात. तुमची मुलं वाचनात तरबेज आहेत, त्यामुळे हे त्यांना पहिल्याच दिवशी जमेल आणि छाती फुगेल. बोलण्याचे खेळ त्याच्या पाठोपाठ घ्या.

वाक्यांतच पुढचा पत्ता लपवता येतो, 'देअर इज अ रेड बकेट बिहाइंड द नीम ट्री', म्हणजे खजिन्याची हौसही फिटते. मात्र हे साडेसातलाच घ्या. नऊनंतर अनवाणी पोरांचे पाय भाजतात.

डलासकर_दादा
पहिल्या दिवसाच्या ओळखीसाठी: नऊ चौकोनांचा कागद, प्रत्येक चौकोनात एक गोष्ट, आणि ती लागू होणारं पोरगं शोधून त्याची सही घ्यायची. इथे माझ्या मुलीच्या शाळेत असतं, पण त्यात 'हॅज बीन ऑन अ क्रूझ' वगैरे असतं ते तुमच्याकडे नको. 'हॅज अ गोट', 'कॅन मिल्क अ काउ', 'हॅज बीन टू पंढरपूर', 'हॅज टू सिस्टर्स', 'कॅन क्लाइम्ब दॅट ट्री' असं लिहा. विचारताना पूर्ण प्रश्न, 'डू यू हॅव अ गोट?' एका पोराची सही एकदाच. झेरॉक्सचा खर्च नको तर फळ्यावर चौकोन काढा, मुलं वहीत उतरवून घेतील.

पिंपळपान
माणदेशात 'हॅज अ गोट' पहिल्या पोरापाशीच मिळणार की. 'हॅज अ खिल्लार बुल' ठेवा, जरा शोधू दे.

रानजाई
ओळखीसाठी आणखी एक, जन्मतारखेची रांग. 'व्हेन इज युअर बर्थडे?' असं एकमेकांना विचारत जानेवारी ते डिसेंबर ओळीने उभं राहायचं. महिने नि आकडे दोन्ही होतात.

चहाटळ
पालकांना खेळवू नका फक्त. १ जूनला वर्गाबाहेर रांग जाईल.

माणदेशी_मास्तर
वर्गाबाहेर नाही, एसटी स्टँडपर्यंत. मीही त्याच रांगेत.

कोकणी_फणस
गट पाडायला 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' आहेच की. 'फायर ऑन द माउंटन, रन रन रन', मग 'फोर!' की चौघांची टोळी. मोजून गट पाडण्यात जो वेळ जातो तो वाचतो आणि मैत्रिणी मैत्रिणींचे ठरलेले गट पण आपोआप मोडतात.

शिक्षिका_मराठवाडा
मोडतात कसले, त्या हात धरूनच पळतात. आणि सातवीतले मुलगे मुलींच्या टोळीत जाण्यापेक्षा आगीत जळणं पसंत करतात. मी रंगीत चिठ्ठ्या काढायला लावते. पाचवी, सहावी, सातवीची डबडी वेगळी, म्हणजे प्रत्येक गटात तिन्ही इयत्ता येतात.

वाचाळवीर
तीन इयत्ता एकत्र केल्यावर पाचवीचं पोरगं चिरडलं जात नाही का? मी तरी वेगळे ठेवीन.

शिक्षिका_मराठवाडा
कामं वाटून दिली तर नाही. आमच्याकडे लिहायचं काम सातवीचं, बोलायचं पाचवीचं. मोठ्याला काही सुचलं तर त्याने लहान्याच्या कानात सांगायचं, बाहेर लहान्याचाच आवाज. मोठी पोरं इतक्या निगुतीने शिकवतात, कारण गटाचे गुण लहान्याच्या तोंडात असतात.

सुगरण_सई
मुलांना उन्हात खेळवताय तर लिंबू सरबत खेळातच बसवा. कृतीच्या चिठ्ठ्या करा, 'कट द लेमन्स', 'ॲड शुगर अँड अ पिंच ऑफ सॉल्ट', 'स्टर वेल' वगैरे. गटातल्या प्रत्येकाला एकच चिठ्ठी, ती दुसऱ्याला दाखवायची नाही, फक्त वाचून दाखवायची. सगळ्यांनी वाचून, बोलून ओळीने उभं राहायचं. क्रम बरोबर लागला की साहित्य मिळणार आणि त्याच क्रमाने सरबत करायचं. आमच्या सोसायटीच्या शिबिरात एका गटाने 'पिंच' वाटी समजून मीठ घातलं होतं आणि तरी मोठ्या इमानाने प्यायले.

कोकणी_फणस
लिंबू कशाला, कोकम घ्या.

सुगरण_सई
कोकमात कापायचं काय? कृती दोन ओळींत संपते.

गुंड्याभाऊ_पुणे
सरबतात काळं मीठ आणि किंचित जिरेपूड, पांढरं मीठ नाही.

सुगरण_सई
जिरेपूड पन्ह्यातही नको म्हणणारी माणसं आहोत आम्ही. वेलची पूड नि केशर. विषय संपला.

डेक्कनचा_दगड
पन्ह्यात गूळ की साखर?

पिंपळपान
अहो साठ पोरं उन्हात उभी आहेत.

निवृत्त_बाई
मास्तर, भाषणांचं काय ठरलं? ती टाळाच. एक मुलगा कोणीतरी लिहून दिलेलं पाठ म्हणणार, पाचव्या ओळीला अडकणार, आणि सगळ्या गावाला तेवढंच लक्षात राहणार. या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे.

वाचाळवीर
सरपंचांनाच गिऱ्हाईक करा! तिसऱ्या दिवसाचा बाजार चौथ्या दिवशी ढकला, पाहुण्यांच्या हातात यादी नि खोटे पैसे द्या, पडद्याआडून पोरं इंग्रजीत माल विकतील. फाटकावर त्यांचा पासपोर्टही तपासा. नाटुकली गाळली तरी चालेल, तशीही त्यात चार जण बोलतात आणि बारा जण झाडं होतात.

चहाटळ
पाहुणे समारोपाला फिरकणारच नाहीत. भाषणं टळली. एका दगडात दोन पक्षी.

माणदेशी_मास्तर
आज सरपंचताईंकडे जाऊन आलो. भाषणांऐवजी बाजार म्हटल्यावर आधी कपाळाला आठ्या, मग पडद्याचं ऐकून हसायला लागल्या. म्हणाल्या, मला काय विचारायचं ते दोन दिवस आधी लिहून द्या, पाठ करून येते, पोरांपुढे हसं नको. त्यांची धाकटी सहावीत आहे, ती घरी तयारी करून घेणार म्हणे. साड्याही त्याच देतायत, सहा.

आराखडा बदलला. फाटकावर रोज पासपोर्ट. पहिला दिवस सह्यांचा कागद नि धावतं श्रुतलेखन, दुसरा पाठीला पाठ चित्र, तिसरा सरबत आणि बाजाराची कार्डं बनवणं, चौथा बाजार. मधल्या वेळेला 'शिवाजी म्हणतो' नि टिपी टिपी टिप टॉप. नाटुकली रद्द. चुकांसाठी वही घेऊन फिरायचं काम आमच्या दुसऱ्या बाईंकडे दिलंय, त्यांचा कान तिखट आहे.

एकच शंका राहिलीय, तीस जोड्या एकदम बोलायला लागल्यावर त्यांना थांबवायचं कसं? माइक नाही. शिट्टी आहे, पण ती पीटीची, ऐकली की पोरं रांगेत उभी राहतात.

रानजाई
हात वर. तुम्ही काही न बोलता हात वर करून उभं राहायचं, ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. पहिल्या दिवशी दोन-तीनदा वेळ लागतो, मग पटकन होतं. ओरडू मात्र नका, तुम्ही ओरडलात की ती आणखी मोठ्याने बोलतात.

कोकणी_फणस
नाहीतर शाळेचा टोल.

माणदेशी_मास्तर
टोल वाजला तर घरी पळतील. हात वर बरा.

सुगरण_सई
साठ मुलांना साधारण तीस लिंबं आणि दीड-दोन किलो साखर धरा. एप्रिलात लिंबं महाग असतात, आत्ताच कोणाच्या तरी बागेतली सांगून ठेवा. आणि चाकू मोठ्यांच्याच हातात, 'कट द लेमन्स' वाचणाऱ्याने त्या कॉलेजच्या पोरांना सांगून कापून घ्यायची.

डलासकर_दादा
बाजाराच्या कार्डांची आणि सरबताच्या चिठ्ठ्यांची फाईल इथे टाकाल का मास्तर? इथल्या मराठी शाळेत उलटं करून वापरतो, आमच्या पोरांची दातखीळ मराठीला बसते.

माणदेशी_मास्तर
फाईल नाही हो, मुलंच खडूपेटीच्या पुठ्ठ्यावर कार्डं करणार आहेत. झाली की फोटो टाकतो. तुमच्याकडे पडद्याला साडी मिळेल ना?

डलासकर_दादा
बायकोची विचारतो. काठपदर मिळणार नाही हे नक्की.